दहा महिन्यांचा विसर

आज ९ ऑक्टोबर. १९४९ साली याच दिवशी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते प्रादेशिक सेनेचे, म्हणजे व्यवहारात आपण जिला टेरिटोरियल आर्मी म्हणतो तिचे, विधिपूर्वक उद्घाटन झाले. हा दिवस दसऱ्याच्या आगेमागेच येतो, हा योगही बरा आहे. आज शुभेच्छांचे संदेश निघतील आणि कोठे ना कोठे एखाद्या नामवंत क्रिकेटपटूचे लष्करी गणवेशातील छायाचित्र पुन्हा एकदा छापले जाईल. त्या छायाचित्राविषयी आमची तक्रार नाही. कपिलदेव व महेंद्रसिंग धोनी यांना मानद लेफ्टनंट कर्नल केल्यामुळे या सेनेचे नाव घरोघर पोचले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्याचे छायाचित्र कधीच छापले जाणार नाही, जो वर्षातून दोन महिने गणवेश चढवतो आणि उरलेले दहा महिने कारखान्यात, शाळेत, शेतात किंवा कचेरीत काम करतो, त्या साध्या अर्धवेळ सैनिकाच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न आज आम्हांस विचारावयाचा आहे. तो विचारण्यास पैठण तालुक्याइतके योग्य ठिकाण नाही असे आम्हांस वाटते. का, ते पुढे येईलच.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही सेना मुळात नोकरीधंद्यात असलेल्या नागरिकांची आहे. अठरा ते बेचाळीस या वयातील मनुष्य तिच्यात येऊ शकतो. तिचे मूळ सूत्र असे की, पोट स्वतःच्या धंद्यावर भरावे आणि देशाला गरज पडेल तेव्हा बंदूक हाती घ्यावी. पहिल्या वर्षी सुमारे महिनाभराचे प्राथमिक शिक्षण, त्यानंतर दरवर्षी वार्षिक शिबिरासह सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण, असा सर्वसाधारण क्रम असतो. अधिकारी म्हणून निवड झालेल्यांस पहिल्या दोन वर्षांच्या आत चेन्नई येथील अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत तीन महिने काढावे लागतात. क्रम उत्तम आहे. परंतु शिबिर संपते, शिपाई गावी परततो, आणि पुढील शिबिराची नोटीस येईपर्यंत त्याच्या लष्करी शिक्षणास जणू पूर्णविराम मिळतो.

प्रस्तुत लेखकाने आयुष्याची काही वर्षे शाळेच्या फळ्यासमोर काढली आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी जी मुले पावकी-निमकी घडाघड म्हणत, तीच मुले जूनच्या पहिल्या आठवड्यात त्रैराशिकापाशी अडखळत. दीड महिन्याच्या सुट्टीने जर ही स्थिती होत असेल, तर दहा महिन्यांच्या सुट्टीने नकाशावाचन, बिनतारी संदेश, प्रथमोपचार आणि शस्त्राची निगा या विद्यांचे काय होत असेल, हे सांगण्यासाठी सेनापती असण्याची गरज नाही. मास्तर असले तरी पुरे.

हा केवळ पुस्तकी विचार नव्हे. २०२५ च्या मे महिन्यात, पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानशी संघर्ष उद्भवला, त्या वेळी केंद्र सरकारने प्रादेशिक सेनेच्या नियमांतील ३३ व्या नियमान्वये लष्करप्रमुखांस या सेनेतील सर्व अधिकारी व जवान सेवेत बोलावण्याचे अधिकार दिले. बत्तीस पायदळ पलटणींपैकी चौदा पलटणी निरनिराळ्या विभागांत उभ्या करण्याची तरतूद त्या आदेशात होती आणि आदेशाची मुदत फेब्रुवारी २०२८ पर्यंतची होती. म्हणजे अर्धवेळ सैनिक ही कागदावरची शोभा नाही. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत त्याला हाक आलीच होती. हाक येते तेव्हा अमुक शिपायाने दहा महिने काय वाचले, काय गिरवले, हे शत्रू विचारीत नाही.

येथे कोणी असे म्हणेल की, शिवकाळातही मावळा अर्धवेळच होता. त्याला कोणी वर्ग चालविले होते? प्रश्न वाजवी आहे आणि त्याचे उत्तर मोठे बोधप्रद आहे. पावसाळ्यात लष्कर स्वदेशी छावणीस यावे आणि दसऱ्यास बाहेर पडावे, हा क्रम सभासदाने आपल्या बखरीत नोंदविलेला आहे. चार महिने घरी असलेला तो मनुष्य मात्र शिक्षणास मुकत नसे. त्याचे घर, त्याचा डोंगर, त्याची नदी हीच त्याची युद्धशाळा होती. घोड्यावर मांड ठोकणे, अंधारात वाट काढणे, उताराला उतरलेले पाणी किती चढेल याचा अदमास घेणे, एका पासोडीवर रात्र काढणे, हे सारे त्याच्या रोजच्या जगण्यात होते. आपल्या खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराला, ज्याने शहराचे रूप दिले त्या मलिक अंबराने मराठा बारगिरांच्या बळावर मोगली फौजा जेरीस आणल्या, त्याचे इंगित हेच होते. पैठणच्या खाली राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी निजामाचे काही सैन्य गोदावरीपार झालेले आणि उरलेले दिवाण विठ्ठल सुंदर यांच्यासह अलीकडे अडकलेले, अशा नेमक्या घडीला पेशव्यांच्या फौजेने घाव घातला. भर श्रावणातील गोदावरी ज्याने पाहिली आहे, त्यास त्या दिवशी नदी कोणाच्या बाजूने लढली हे निराळे सांगावयास नको.

आजचा अर्धवेळ शिपाई दहा महिने काय करतो? तो बिडकीन किंवा चितेगावच्या कारखान्यात यंत्रापुढे उभा असतो, बँकेत संगणकावर बसतो, दुकान चालवतो. ही कामे हलकी नव्हेत. पण त्यांतून युद्धविद्या आपोआप अंगी येत नाही. जुन्या काळी जीवनच जे शिकवीत होते ते आता मुद्दाम शिकवावे लागेल. मावळ्याचे उदाहरण द्यायचे आणि मावळ्याची शाळा मात्र विसरायची, हा न्याय नव्हे.

मराठवाड्याला या विषयाची आणखी एक बाजू ठाऊक आहे, आणि ती कडू आहे. ‘रझाकार’ या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक असाच आहे. निजामी राजवटीच्या अखेरच्या पर्वात ज्यांच्या हाती शस्त्रे दिली गेली तेही एका अर्थी हंगामी सैनिकच होते. त्यांना गोळी झाडता येत होती. कोणावर झाडू नये, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते, आणि त्यांच्या धन्यांना ते शिकवावयाचेही नव्हते. त्यांचा सेनानी म्हणवणारा कासीम रझवी हा लातूरचा वकील होता. म्हणजे कायद्याच्या पुस्तकांचा तोटा तेथे नव्हता. उलट दुसऱ्या बाजूने स्वामी रामानंद तीर्थ पाहा. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतील आणि पुढे अंबाजोगाईतील हा शिक्षक हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा नेता झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट शरण आली. ज्या घरांनी तो काळ भोगला त्या घरांतील म्हाताऱ्या माणसांना ‘गावोगावी अर्धवेळ सैनिक’ हे शब्द ऐकून आजही कसेसेच वाटले, तर त्यांना हसू नये. त्यांच्या भयाला उत्तर एकच आहे. शस्त्राबरोबर शिस्त, आणि शिस्तीबरोबर युद्धाचा कायदा शिकवला पाहिजे. कैद्याशी कसे वागावे, जखमी शत्रूला काय द्यावे, निःशस्त्र प्रजेच्या केसाला धक्का का लागू नये, हे जिनीव्हाच्या करारांनी ठरविले आहे आणि भारताने १९६० साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला आहे. हे दोन महिन्यांच्या कवायतीच्या धांदलीत एखाद्या व्याख्यानात उरकण्याचे प्रकरण नाही.

आता आपल्या जिल्ह्यात काय आहे ते पाहा. लष्करी शिक्षणाच्या दृष्टीने आपण अगदी रिकाम्या हाताचे आहोत असे मुळीच नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मराठी मुले जावीत म्हणून राज्य शासनाने १९७७ साली स्थापन केलेली सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरातच आहे आणि तिने अनेक मुलांना अधिकारपदाच्या वाटेवर नेले आहे. पण ती आयुष्यभराच्या सैनिकासाठी आहे. शाळा-महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्र सेना आहे. १९६२ च्या पराभवानंतर १९६३ साली ती महाविद्यालयांत सक्तीची झाली आणि १९६८ साली पुन्हा ऐच्छिक झाली. सक्तीच्या काळी काही मुले कवायतीपेक्षा अल्पोपहारासाठी येत असे वडीलधारी मंडळी हसत हसत सांगतात. तरीही त्या पिढीला पायात पाय घालून चालणे तरी आले. मात्र छात्रसैनिकाचे शिक्षण महाविद्यालयाबरोबर संपते. ‘सी’ प्रमाणपत्र पेटीत जाते, आणि पंचविसाव्या वर्षी नोकरी लागलेल्या त्याच तरुणाला कोणी विचारीत नाही. होमगार्ड आहेत. ही संघटना ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात प्रथम उभी राहिली, याचा आपणांस अभिमान असावयास हवा. पण यात्रेचा बंदोबस्त आणि निवडणुकीचा बंदोबस्त यांपलीकडे त्यांच्या शिक्षणाचा विचार किती होतो, हे नाथषष्ठीच्या गर्दीत दोर धरून उभ्या असलेल्या एखाद्या होमगार्डलाच विचारावे.

शिवाय २०१७ पासून छत्रपती संभाजीनगरात प्रादेशिक सेनेची १३६ वी पलटण आहे. महार रेजिमेंटशी निगडित अशी ही पर्यावरण पलटण असून निवृत्त सैनिकांच्या हातून उजाड माळांवर झाडे लावण्याचे व ती जगविण्याचे काम ती करते. मराठवाड्याच्या भूमीवर याहून मोठे उपकार ते कोणते? परंतु तीही मुख्यतः माजी सैनिकांची आहे. पैठणच्या एखाद्या तरुण शिक्षकास किंवा कामगारास अर्धवेळ पायदळी व्हावयाचे असेल, तर त्याची नजर पुणे, कोल्हापूर, देवळाली, नागपूर अशा दूरच्या ठाण्यांकडे जाते.

पहाटे जायकवाडीच्या रस्त्याने जा. अंधारात पोरे धावताना दिसतात. सोळाशे मीटर किती मिनिटांत, हा त्यांच्या जगण्याचा प्रश्न झालेला आहे. भरतीची तयारी करून घेणाऱ्या खासगी अकादमी तालुक्याच्या गावोगावी निघाल्या आहेत. त्या पोरांचे पाय तयार होतात, डोके कोण तयार करतो? यांतील पुष्कळांना प्रादेशिक सेना म्हणजे कायमची नोकरी वाटते. मूळ कल्पना नोकरी असलेल्या नागरिकाची, आणि भरतीच्या मैदानावर झुंबड मात्र बेकारांची, हा विरोध सरकारने एकदा स्पष्ट शब्दांत सांगून टाकावा. दोन महिन्यांपुढे कायम सेवेची किंवा निवृत्तिवेतनाची हमी नसते, हे घरची भाकर बांधून मैदानावर मुक्काम करणाऱ्या मुलाला आधी कळले पाहिजे. फसवणूक सरकारची नसेलही. अपेक्षाभंग मात्र त्या मुलाचाच होतो.

आमचा एक जुना विद्यार्थी जिल्ह्याबाहेरील अशा एका पलटणीत आहे. एरवी तो एका कारखान्यात काम करतो. शिबिराची नोटीस आली तेव्हा त्याला सांगण्यात आले की, रजा बिनपगारी मिळेल आणि परत आल्यावर पाळी कोणती ते पाहू. पाचारण झालेल्या सैनिकाला त्याची मूळ जागा परत मिळावी अशी तरतूद या सेनेच्या कायद्यात आहे, हे ना त्याला माहीत होते ना त्याच्या वरिष्ठास. आम्हांस त्याहून अधिक लागले ते निराळेच. शिबिराआधी उजळणी करावी म्हणून तो एक नकाशा व एक इंग्रजी पुस्तिका घेऊन आला आणि ‘सर, हे काँटूर म्हणजे काय?’ असे विचारू लागला. या मुलाला आठवीच्या वर्गात आम्हीच समोच्च रेषा शिकविल्या होत्या. त्याने त्या वेळी वहीत डोंगर काढून त्यावर रेषांची वेटोळी सुंदर आखली होती. जे त्याला येत होते तेच त्याला येत नाही असे वाटत होते. कारण नाव परके होते. पाच मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. दोष कोणाचा म्हणावा? आम्ही शिकविले मराठीत, हुकूम ऐकावयाचा हिंदीत, पुस्तक वाचावयाचे इंग्रजीत. आणि तिन्हींमध्ये पूल बांधणारा कोणी नाही.

तो पूल बांधावा, एवढेच आमचे मागणे आहे. सेनेच्या गुप्त गोष्टी आम्हांस नकोत. नकाशावाचन, दिशाशोधन, प्रथमोपचार, पूरबचाव, संदेशवहन, युद्धाचा कायदा, सैन्याची रचना आणि आपल्या सीमांचा भूगोल, हे विषय उघड आहेत. त्यांच्या सोप्या मराठी पुस्तिका निघू शकतात. मराठी विश्वकोशाने युद्धशास्त्रासारख्या विषयावरही नोंदी लिहवून घेतल्या आहेत. शब्दांचे दारिद्र्य आपल्याकडे नाही. संरक्षणशास्त्र हा विषय पुणे विद्यापीठात स्वतंत्र विभाग म्हणून शिकवला जातो आणि मराठवाड्यातील काही महाविद्यालयांतही आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर नोकरी करणाऱ्याला घरबसल्या शिकविण्यासाठीच १९८९ साली जन्मास आले, आणि ज्यांचे नाव त्याला दिले ते १९६२ च्या संकटात देशाचे संरक्षणमंत्री झाले. या विद्यापीठाने अर्धवेळ सैनिकासाठी एक अभ्यासक्रम आखावा, यापेक्षा उचित स्मारक दुसरे कोणते असेल?

यात अभूतपूर्व असे काही नाही. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांसाठी भरती झालेल्या अग्निवीराला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या पदवीत त्याच्या सैनिकी कौशल्यांचे श्रेयांक मिळण्याची सोय करण्यात आली, आणि दहावी झालेल्याला मुक्त विद्यालयाच्या मार्गाने बारावीची. छात्र सेनेचा अभ्यास श्रेयांकांसह ऐच्छिक विषय म्हणून घ्यावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली विद्यापीठांना सुचविले. मग छात्रसैनिकाला श्रेयांक, अग्निवीराला श्रेयांक, आणि सात-आठ वर्षे शिबिरे करणाऱ्या प्रादेशिक सैनिकाला मात्र हात हलवीत घरी जाण्याची मुभा, हा पंक्तिप्रपंच कशासाठी? अमेरिकेत राष्ट्रीय रक्षक दलाचा मनुष्य महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे सेवा देतो. सहा वर्षांचा करार करणाऱ्या राखीव सैनिकाला छत्तीस महिन्यांपर्यंत शिक्षणासाठी साहाय्य मिळू शकते. स्वित्झर्लंडमध्ये अठरा आठवड्यांची रंगरूट शाळा आणि त्यानंतर वर्षांमागून वर्षे तीन-तीन आठवड्यांचे उजळणीवर्ग असतात. आपण त्यांची नक्कल करावी असे नाही. त्यांच्या युद्धाचे हेतू आणि आपले हेतू एक नव्हेत. पण ‘महिन्यातून दोन दिवस’ ही गोष्ट मात्र उचलण्याजोगी आहे. मास्तरच्या अनुभवाने सांगतो, बारा महिन्यांत चोवीस वेळा थोडे थोडे शिकलेले एकदम साठ दिवस शिकलेल्यापेक्षा अधिक टिकते.

खर्चाची ओरड होईल. पैठणच्या शाळांच्या खोल्या रविवारी बंद असतात, त्या उघडण्यास खर्च लागत नाही. निवृत्त सुभेदार, हवालदार या तालुक्यात आहेत. त्यांना मानधन द्यावे लागेल, आणि ते द्यावे. भूगोलाचे शिक्षक आहेत. भारतीय सर्वेक्षण खात्याचे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या प्रमाणाचे नकाशे आहेत. दुसरी ओरड अशी होईल की, मुलांच्या डोक्यात युद्ध भरू नका. ती करणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. एकनाथांच्या गावात ती व्हायलाच हवी. परंतु जो अर्धवेळ सैनिक आजच आहे, ज्याच्या हाती शस्त्र आजच आहे, त्याला अधिक शिकविल्याने युद्धखोरी वाढते असे आम्हांस वाटत नाही. अशिक्षित शस्त्र काय करते ते या भूमीने पाहिले आहे.

आणि पैठणपुरते बोलायचे तर शत्रू सीमेवरूनच येतो असेही नाही. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी ज्या धरणाची कोनशिला बसविली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी ज्याचे लोकार्पण केले, त्या नाथसागराच्या पायथ्याशी हे गाव वसलेले आहे. धरणाचे सत्तावीस दरवाजे उघडले की काय होते ते २००६ च्या ऑगस्टमध्ये पैठणने घराघरांत अनुभवले. अशा रात्री दूरच्या ठाण्यावरून लष्कराची तुकडी येईपर्यंतचे तास महत्त्वाचे असतात. नकाशा वाचता येणारे, नाव हाकता येणारे, संदेश पोचवता येणारे आणि हुकूम पाळता येणारे तीस-चाळीस तरुण गावातच असतील, तर त्या तासांचा हिशेब निराळा होतो. पाचारणाचा हुकूम दिल्लीहून येवो अथवा पाणी नाशिकहून येवो, त्याच माणसाला उठायचे आहे.

तेव्हा प्रादेशिक सेनेचे अधिकारी, मुक्त विद्यापीठ आणि जिल्हाधिकारी यांनी दिवाळीनंतर एकत्र बसावे आणि पैठण येथे प्रायोगिक असे एक केंद्र एका वर्षासाठी काढावे. महिन्याचे दोन रविवार, विषय वर सांगितलेले, प्रवेश प्रादेशिक सैनिक, होमगार्ड आणि छात्र सेनेतून बाहेर पडलेल्या तरुण-तरुणींना. तरुणींचा उल्लेख मुद्दाम केला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ सालीच या सेनेचे दार स्त्रियांना बंद ठेवता येणार नाही असा निर्णय दिला. कारखानदारांच्या संघटनांनी आपल्या कामगारांना शिबिराच्या रजेबद्दल कायदा काय म्हणतो त्याचा एक कागद मराठीत छापून फाटकावर लावावा. केंद्र निघाल्यास नकाशावाचनाचे पहिले चार तास घेण्यास प्रस्तुत लेखक तयार आहे. समोच्च रेषांपासून सुरुवात करू.